कोल्हापूरचे घाटगे जर्मनीत हवा मोजायला शिकले आणि भारताला स्वतःचं ट्रेनर विमान मिळालं

मे महिन्याची रात्र आहे. वसईतल्या एव्हरशाईन सिटीत लाईट जाते आणि अख्खी सोसायटी गच्चीवर येते. अर्ध्या तासाने लाईट परत येते, लोक घरात जातात, पंखा पाचवर करतात आणि खोलीत तो ओळखीचा घूं-घूं आवाज सुरू होतो. मोटरचा थोडा गुरगुराट त्यात असतो, पण मोठा वाटा हवेचा असतो.

घरातल्या नेहमीच्या ४८ इंची पंख्याचा हिशोब करून बघा. मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतले, तर पात्याचं टोक ताशी जवळपास ८० किलोमीटर वेगाने हवा कापत असतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर एक छोटा पंख वेगात सुटलेल्या विरार फास्टच्या गतीने फिरतोय. पात्यावरून सरकणारी हवा मागच्या कडेवरून सुटताना जो आवाज करते, त्याच जातीचा आवाज विमानाच्या पंखाचा असतो, पवनचक्कीच्या पात्याचा असतो आणि ड्रोनचाही असतो. इंजिनिअर लोक याला एअरफॉईलचा आवाज म्हणतात. एअरफॉईल म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणारा आकार.

आता तुम्ही म्हणाल, आवाज मोजण्यात काय मोठं? मोबाईलवर डेसिबलचं ॲप टाकायचं आणि मोजायचं. पण एकट्या पंखाचा आवाज नेमका मोजणं हे फार किचकट काम आहे. कारण पंखावर वारा सोडायला जे यंत्र लागतं, त्या विंड टनेलचा स्वतःचाच आवाज असतो. शिवाय त्याच्या वाऱ्यात खोट असेल तर पंख आहे त्याहून जास्त बोंबलतो.

मोजणाऱ्या यंत्राने मोजमाप बिघडवू नये, हा धडा जगाने ज्या गावात गिरवला त्याचं नाव गटिंगेन. जर्मनीतलं हे छोटं विद्यापीठाचं गाव. आणि तिथल्या गुरूच्या हाताखाली शिकलेला एक माणूस आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला होता. त्यांचं नाव डॉ. विष्णू माधव घाटगे.

गडहिंग्लज ते गटिंगेन

विष्णू घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. गाव हसूरचंपू, तालुका गडहिंग्लज. राईट बंधूंनी पहिलं इंजिनचं विमान उडवलं त्याला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. विमान हा शब्द त्या भागात रामायणातल्या पुष्पक विमानापुरताच माहीत असण्याचे ते दिवस. योगायोग असा की हाच मुलगा पुढे ज्या विमानांशी जोडला गेला, त्यातल्या एकाचं नाव खरोखरच पुष्पक ठेवण्यात आलं.

त्या काळात हुशार पोरं उच्चशिक्षणासाठी परदेशात निघाली की रस्ता ठरलेला असायचा. बोट धरायची आणि इंग्लंडला जायचं. घाटगे मात्र जर्मनीला गेले, गटिंगेनला, लुडविग प्रांटल यांच्याकडे.

हे प्रांटल कोण, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

१९०४ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, प्रांटल यांनी एक छोटासा निबंध सादर केला. वस्तूवरून हवा वाहते तेव्हा वस्तूला अगदी चिकटून हवेचा एक पातळ थर तयार होतो, एवढीच त्यातली मुख्य गोष्ट. पृष्ठभागाला टेकलेली हवा जवळजवळ थांबलेली असते, थोडं वर गेलं की ती पूर्ण वेगात असते. मधला जो पातळ थर, तो म्हणजे बाउंड्री लेयर, मराठीत सीमास्तर. तुमच्या पंख्याच्या पात्यावर धूळ का बसते, याचंही उत्तर याच थरात आहे. पातं कितीही जोरात फिरलं तरी त्याला चिकटलेली हवा पात्यासोबतच फिरते, त्यामुळे बारीक धूळ उडून जात नाही.

हा थर कधी शांत, पदर पदर घातल्यासारखा वाहतो, तर कधी त्यात भोवरे होतात. तो पंखाला चिकटून राहिला तर विमान उचललं जातं, सुटला तर खाली येतं. विमान का उडतं आणि का पडतं, याचं सगळं शास्त्र या एका थराभोवती उभं राहिलं. आधुनिक एरोडायनॅमिक्सचे जनक म्हणून प्रांटल यांचं नाव घेतलं जातं ते यामुळे.

एक चेंडू, दोन बोगदे, दोन उत्तरं

घाटगे गटिंगेनला पोचायच्या वीसेक वर्षं आधी तिथे एक भारी प्रकरण घडून गेलं होतं. तिथल्या शिक्षणाचा पायाच म्हणा ना.

विंड टनेल म्हणजे वाऱ्याचा बोगदा. विमान हवेत पळवून मोजमाप घेणं अवघड, म्हणून पंख जागेवर धरायचा आणि त्याच्यावर वारा सोडायचा. राईट बंधूंनीही १९०१ मध्ये एका लाकडी पेटीचा असा बोगदा केला होता, कारण आधीच्या लोकांनी छापलेल्या आकड्यांवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

पॅरिसमध्ये असाच एक बोगदा होता गुस्ताव्ह आयफेल यांचा. होय, तेच आयफेल टॉवरवाले. टॉवर बांधून झाल्यावर हा माणूस हवेच्या मागे लागला होता. टॉवरवरून वस्तू खाली सोडून त्याने हवेचा अडथळा मोजला आणि मग विंड टनेल बांधला.

आयफेल यांनी एक गोल चेंडू बोगद्यात ठेवून त्याला वारा किती अडवतो ते मोजलं. गटिंगेनच्या लोकांनीही तसंच मोजलं. दोन्हीकडे साधा गोल चेंडूच होता. पण दोघांची उत्तरं दुपटीहून जास्त फरकाने चुकत होती. गटिंगेनवाल्यांना वाटलं, आयफेलसाहेबांच्या हिशोबात कुठेतरी दोनाने गुणायचं राहिलं असणार. आयफेल यांनी परत प्रयोग केले. त्यांचे आकडे बरोबर होते. विशेष म्हणजे वेग एका मर्यादेपलीकडे गेला की चेंडूचा अडथळा अचानक कोसळतो, हे त्यांना दिसलं.

मग चुकलं कोण? कोणीच नाही. फरक बोगद्यांच्या वाऱ्यात होता. एकाच्या वाऱ्यात बारीक खळबळ जास्त होती, दुसऱ्याच्या वाऱ्यात कमी. ज्या वाऱ्यात खळबळ जास्त, तिथे चेंडूवरचा सीमास्तर लवकर भोवऱ्यांचा होतो, चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो आणि मागची पोकळी लहान होते. म्हणून अडथळा कमी.

प्रांटल यांनी १९१४ मध्ये हे सिद्ध करायला काय केलं? चेंडूच्या पुढच्या भागावर एका बारीक तारेची रिंग चढवली. तारेने सीमास्तर मुद्दाम खवळवला आणि अडथळा कमी झाला. वस्तूवर काहीतरी जास्तीचं लावलं आणि ती हवेतून अधिक सहज जायला लागली.

क्रिकेट बघणाऱ्याला हे नवीन नाही. नव्या चेंडूची शिवण हेच काम करते. शिवणीच्या बाजूची हवा खवळते आणि चेंडूला चिकटून राहते, दुसऱ्या बाजूची लवकर सुटते आणि चेंडू स्विंग होतो. गोल्फच्या चेंडूवरच्या खळग्यांचं कामही हेच.

या प्रकरणातून जगभरच्या प्रयोगशाळांनी एक गोष्ट शिकून घेतली. बोगद्यात काय ठेवलंय हे जितकं महत्त्वाचं, तितकंच बोगद्याचा वारा किती स्वच्छ आहे हेही. पुढे तर लोक गोल चेंडू घेऊन बोगदेच तपासायला लागले. चेंडूचा अडथळा कोणत्या वेगाला कोसळतो यावरून त्या बोगद्यात खळबळ किती, ते कळायचं. बोगद्याच्या तोंडाशी मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी लावायची, पुढे बारीक पडदे लावायचे, मग वाट हळूहळू अरुंद करत न्यायची, म्हणजे वारा शांत आणि सरळ होतो, हे तंत्र पक्कं होत गेलं.

विष्णू घाटगे शिकले ते या घराण्यात.

बिघडलेल्या काळातलं गटिंगेन

ते दिवस मात्र शिक्षणाचे कमी आणि भीतीचे जास्त होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि गटिंगेनची रया गेली. मॅक्स बॉर्न, रिचर्ड कूरांट, एमी नोएथर असे जगातले पहिल्या रांगेतले प्राध्यापक ज्यू असल्यामुळे बाहेर काढले गेले. ज्या गावात गणित आणि भौतिकशास्त्र शिकायला जग यायचं, ते काही महिन्यांत रिकामं झालं.

यातला एक योगायोग बघण्यासारखा आहे. हाकलले गेलेले मॅक्स बॉर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये येऊन राहिले. आणि साधारण त्याच सुमारास, १९३६ मध्ये, गटिंगेनला विष्णू घाटगे प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट पूर्ण करत होते. गटिंगेनचे प्राध्यापक बेंगळुरूत होते आणि बेंगळुरूत पुढे विमानशास्त्राचा विभाग उभा करणारा माणूस गटिंगेनमध्ये.

प्रांटल यांच्या विद्यार्थ्यांची यादी बघितली तर डोळे फिरतात. थिओडोर फॉन कार्मान, ब्लासियस, आकेरेट, श्लिश्टिंग, टोलमिन. एरोडायनॅमिक्सचं कुठलंही पुस्तक उघडा, ही नावं सूत्रांना चिकटलेली सापडतात. या यादीत हसूरचंपूचे घाटगे आहेत.

वालचंद यांचा कारखाना आणि एक नवा विभाग

घाटगे भारतात परतले तेव्हा इथे विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता. विमानं यायची ती परदेशातून.

हे चित्र बदललं ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यामुळे. म्हैसूर संस्थानाची साथ घेऊन त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू केली. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं, ब्रिटिशांना पूर्वेकडे विमानं हवी होती. सुरुवातीचं काम परदेशी डिझाईनची विमानं जुळवण्याचं होतं. पुढे युद्धाच्या रेट्यात हा कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र बनला.

पण जुळवणं वेगळं आणि स्वतः डिझाईन करणं वेगळं. मोटारीचे नटबोल्ट नीट बसवणारा कारागीर मोटार डिझाईन करू शकतोच असं नाही. डिझाईन करायचं तर पंखाचा आकार कसा, त्याच्यावर किती भार येईल, किती वेगाला तो हवा सोडेल, हे सगळं आधी कागदावर आणि मग बोगद्यात कळावं लागतं. घाटगे नेमके ते ज्ञान घेऊन आले होते. त्या युद्धकाळातच त्यांनी सैनिक वाहून नेणारं दहा आसनी ग्लायडर डिझाईन केलं. इंजिन नसलेलं, पण आपल्या माणसाने आपल्या देशात आखलेलं.

दुसरं काम त्याहून दूरचं होतं. १९४२ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. कारखाना एकीकडे आणि वर्ग एकीकडे. देशाला विमानं हवी असतील तर विमानं समजणारी माणसं आधी हवीत, हे त्यामागचं साधं गणित.

या विभागाची पुढची वाटही गटिंगेनच्याच वळणाने गेली. काही वर्षांनी तिथे विभागप्रमुख म्हणून ऑस्कर टिटयेन्स आले, तेही प्रांटल यांचेच विद्यार्थी. त्यानंतर १९५५ मध्ये ही खुर्ची सतीश धवन यांच्याकडे आली. धवन शिकले होते अमेरिकेत, कॅलटेकच्या प्रयोगशाळेत, आणि ती प्रयोगशाळा नावारूपाला आणली होती प्रांटल यांचेच विद्यार्थी फॉन कार्मान यांनी. म्हणजे कुठल्याही फांदीवरून उतरा, खोड एकच. याच विभागात पुढे १४ बाय ९ फुटांचा मोठा विंड टनेल उभा राहिला आणि भारतात डिझाईन झालेल्या विमानांची मॉडेल्स तिथल्या वाऱ्यात तपासली गेली.

एचटी-२ : चुका माफ करणारं विमान

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला की हवाई दलात भरती होणाऱ्या नव्या पोरांनी शिकायचं कशावर? तोपर्यंत शिकवणी चालायची टायगर मॉथवर. दोन मजली पंखांचं, लाकूड आणि कापडाचं, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं विमान. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टने स्वतःचं शिकाऊ विमान बनवायचं ठरवलं. डिझाईन टीमचे प्रमुख होते घाटगे.

शिकाऊ विमान म्हणजे सोपं विमान, असं कोणालाही वाटेल. उलट आहे. लढाऊ विमान चालवणारा तयार पायलट असतो. शिकाऊ विमानात बसलेल्या पोराने कालपर्यंत सायकल चालवलेली असते. तो नाक जास्त वर उचलणार, वेग घालवणार, उतरताना आदळणार. अशा वेळी विमानाने आधी इशारा द्यायला हवा आणि सावरायला वेळही द्यायला हवा. पंखावरून हवा सुटणार कुठून आणि कशी, यावर हे सगळं अवलंबून. म्हणजे पुन्हा तो प्रांटल यांचा पातळ थर. कागदावरचा आकडा चुकला तर किंमत मोजणार तो विशीतला पोरगा.

ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ ने पहिलं उड्डाण केलं. टेस्ट पायलट होते कॅप्टन जमशेद मुन्शी. पूर्ण धातूचं, खालच्या बाजूला एकच पंख असलेलं, पुढे-मागे दोन जण बसतील असं हे विमान. भारतात डिझाईन होऊन कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेलं हे पहिलं विमान. दीडशेहून जास्त एचटी-२ बनली, हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांनी उडायचे धडे त्याच्यावर गिरवले आणि काही विमानं आफ्रिकेतल्या घानालाही गेली.

प्रांटल यांचं निधन १५ ऑगस्ट १९५३ चं. त्यांचा भारतीय विद्यार्थी तोवर स्वतःच्या देशात स्वतःचं विमान उडवून मोकळा झाला होता.

पुष्पक, कृषक आणि किरण

यानंतर बेंगळुरूच्या कारखान्यातून एकामागून एक विमानं निघाली. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबसाठी दोन आसनी पुष्पक. पाठोपाठ त्याचाच मोठा भाऊ शोभेल असा कृषक, जो लष्कराला टेहळणीसाठी उपयोगी पडला.

मग आला जेटचा जमाना. जर्मनीचे नावाजलेले डिझायनर कुर्ट टँक १९५६ मध्ये भारतात आले आणि त्यांच्या हाताखाली मारुत हे लढाऊ जेट तयार झालं. १९६१ मध्ये ते उडालं. मारुतची चर्चा सगळीकडे झाली, आजही होते. पण त्याच काळात, त्याच आवारात घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एक दुसरं जेट आकार घेत होतं. किरण. जेट उडवायला शिकवणारं ट्रेनर विमान, ज्यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात.

४ सप्टेंबर १९६४ ला किरणने पहिलं उड्डाण केलं. त्याच वर्षी कंपनीचं नाव बदलून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड झालं, म्हणजे आजची एचएएल. पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, भारत सरकारने घाटगे यांना पद्मश्री दिली. किरणची सेवा पुढे कित्येक दशकं चालली. १९९६ मध्ये सुरू झालेली हवाई दलाची सूर्यकिरण कसरत टीम आठवते का? नावातला किरण तो हाच. पंखाला पंख लावून जायची ती विमानं म्हणजे किरण मार्क-२.

मग आवाजाचं काय?

घाटगे यांच्या काळात डिझायनरची मुख्य काळजी होती विमान उचललं जाईल का आणि सावरेल का. पंखाचा आवाज हा विषय तेव्हा टेबलावर फारसा नव्हता. जेट विमानं वाढली, विमानतळाशेजारच्या लोकांची झोप उडाली आणि मग १९७० च्या आसपास विमानांच्या आवाजावर आंतरराष्ट्रीय मर्यादा आल्या. इंजिनं हळूहळू शांत होत गेली. आणि इंजिन शांत झाल्यावर लक्षात आलं की उतरताना पंखांचा, फ्लॅपचा आणि चाकांचा आवाजही काही कमी नाही.

आता हा आवाज मोजायचा तर बोगदा पुन्हा आला. आणि शंभर वर्षांपूर्वीचं चेंडूचं भांडण नव्या रूपात समोर आलं.

पहिली अडचण वाऱ्याची. वाऱ्यात खळबळ असेल तर तिचे भोवरे पंखाच्या पुढच्या कडेवर आदळतात आणि आवाज करतात. मोजणाऱ्याला वाटतं पंखच एवढा आवाज करतोय. खरं तर बोगदा करत असतो. म्हणून तीच पोळ्याची जाळी, तेच बारीक पडदे, तीच अरुंद होत जाणारी वाट.

दुसरी अडचण पंख्याची. बोगद्यात वारा ढकलणारा मोठा पंखा पंखाहून कितीतरी जास्त ओरडतो. त्याचा आवाज वाटेतच शोषून घ्यावा लागतो. चाचणीची खोली आतून फोमच्या टोकदार पाचरींनी मढवतात, म्हणजे भिंतीवरून प्रतिध्वनी येत नाही. मग आधी पंख न ठेवता नुसत्या वाऱ्याचा आवाज मोजायचा, नंतर पंख ठेवून मोजायचा. दोन्हींत १० डेसिबलचा फरक मिळाला, तर बोगद्याच्या आवाजाने उत्तरात जेमतेम अर्ध्या डेसिबलची भर पडते. पंख आणि बोगदा सारखेच ओरडत असतील, तर उत्तर ३ डेसिबलने फुगतं. म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट दिसते.

तिसरी अडचण माईकची. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर रील शूट केलंय ना? बोलणं कमी आणि वाऱ्याची फरफर जास्त ऐकू येते. बोगद्यातही तेच होतं. म्हणून माईक वाऱ्याच्या झोताबाहेर, शांत हवेत ठेवतात. पण मग आवाज झोतातून शांत हवेत येताना वळतो. बादलीतलं नाणं असतं एका जागी आणि दिसतं दुसऱ्या जागी, तसं. हे वळण हिशोबातून काढावं लागतं. मोकळ्या झोतात पंख ठेवला की झोतही थोडा वाकतो. त्यामुळे पंख जितका तिरका लावलाय, तितका तो वाऱ्याला तिरका दिसतच नाही. तीही दुरुस्ती करावी लागते. काही ठिकाणी झोताच्या दोन्ही बाजूंना केव्हलारचं ताणलेलं कापड लावतात. ते वारा अडवतं, पण आवाज जाऊ देतं.

चौथी गोष्ट दिशेची. मागून येणारी स्कूटर डावीकडे आहे की उजवीकडे, हे आपल्याला दोन कानांमुळे कळतं. तसे इथे दहा-वीस नाही, अनेकदा शंभराच्या घरात माईक एका चौकटीवर लावतात. कुठल्या माईकपर्यंत आवाज किती उशिराने पोचला, यावरून आवाज पंखाच्या नेमक्या कुठल्या भागातून आला त्याचा नकाशा निघतो.

आणि शेवटी प्रांटल यांची ती तार. अगदी गुळगुळीत छोट्या पंखावर कमी वेगाला सीमास्तर शांत राहतो आणि कधीकधी पंख चक्क शिट्टी मारतो. खऱ्या मोठ्या पंखावर थर खवळलेलाच असतो, त्यामुळे तिथे ती शिट्टी नसते. मग मॉडेल खऱ्या पंखासारखं वागावं म्हणून पुढच्या कडेजवळ बारीक खरखरीत पट्टी चिकटवतात. १९१४ च्या चेंडूवरची तार आजही पंखावर आहे, फक्त पट्टीच्या रूपात.

१९८९ मध्ये नासाच्या संशोधकांनी एका साध्या, वर-खाली सारख्या आकाराच्या पंखाचा आवाज असाच काटेकोर मोजून प्रसिद्ध केला. नवा बोगदा सुरू झाला की आजही लोक आपले आकडे त्या आकड्यांशी ताडून बघतात.

हे सगळं आपल्याला कशाला?

साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या बघितल्या असतील. त्यांचा सूं-सूं आवाज मुख्यतः पात्याच्या मागच्या कडेवरून येतो. वेग दुप्पट झाला तर या प्रकारच्या आवाजाची ऊर्जा साधारण ३२ पट होते, म्हणजे १५ डेसिबलची वाढ. म्हणूनच पंखा पाचवरून दोनवर आणला की खोली एकदम शांत होते. घुबडाच्या पिसांची मागची कड झालरीसारखी असते आणि ते जवळजवळ आवाज न करता उडतं. त्याच धर्तीवर आता बऱ्याच पवनचक्क्यांच्या पात्यांना मागे दातेरी पट्ट्या लावतात. पण या पट्टीने फायदा दोन डेसिबलचा झाला की चारचा, हे सांगणार कोण? ज्याचा बोगदा शांत आहे आणि ज्याला आपल्या बोगद्याची खोट माहीत आहे, तोच.

डॉ. विष्णू माधव घाटगे ६ डिसेंबर १९९१ ला गेले. बेंगळुरूत एचएएलच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते. विमानाच्या क्षेत्रातल्या लोकांना हे नाव चांगलं माहीत आहे. त्यांच्या स्वतःच्या महाराष्ट्रात मात्र मारुत माहीत असलेल्या दहा जणांना विचारलं, तर घाटगे सांगणारे दोन निघाले तरी खूप.

त्यांनी देशाला विमानं दिली, हे दिसतं. विमान आखायच्या आधी हवा मोजावी लागते आणि मोजायच्या आधी आपलं मोजमाप तपासावं लागतं, ही विद्या त्यांच्यासोबत गटिंगेनहून बेंगळुरूला आली, हे सहज दिसत नाही. दुसऱ्याने छापलेल्या आकड्यांवर विमान बांधता येतं, पण ते आकडे आपल्या विमानाला लागू आहेत की नाही हे कळायला आपला बोगदा आणि आपली माणसं लागतात. १९४२ मध्ये सुरू झालेला तो विभाग आजही अशी माणसं तयार करतोय.

आज रात्री झोपताना पंख्याचा आवाज ऐकू आला तर रेग्युलेटर एकेक घर खाली आणून बघा. मोटरचा गुरगुराट फारसा बदलणार नाही, हवेचा आवाज मात्र झपकन उतरेल. त्या उतरणाऱ्या आवाजात पात्यावरचा तो पातळ थर आहे, ज्याच्यामागे गडहिंग्लज तालुक्यातला एक तरुण थेट जर्मनीपर्यंत गेला होता.